पाइप कुठून येतो

घोरपडीच्या पादचारी पुलावर, बँक सुटल्यावर,
मी वही उघडून उभी राहते.
खाली सिग्नलला थांबलेलं डिझेल इंजिन,
मागे लोणीच्या टाक्या, पोटाशी तेलाचे ओघळ,
आणि पुलाच्या लोखंडातून त्याची घुमघुम
चपलांत चढत जाते.

बरंच येतं मला आता.
छतावरच्या जाळीखाली ब्रेकची ग्रिड :
घाट उतरताना गाडीचा जोर
तिथे धग होऊन उडून जातो.
टोकाला लोंबणाऱ्या होज पाइपांत
हिरवा ब्रेकचा, पांढरा फीडचा.
चाकापुढची वाकडी नळी वाळूची.
हे कळलं त्या दिवशी मी एकटीच हसले होते,
एवढं थोरलं धूड,
आणि पाय घसरू नये म्हणून मूठभर वाळू!

पण आकडा सात-तीनवर संपतो त्या एका इंजिनाला
लांब बॉनेटच्या डाव्या अंगाला, तिसऱ्या दाराखाली,
एक पेटी आहे. वीतभर.
दुसऱ्या कुठल्याच इंजिनाला नाही.
पाच वेळा चित्र काढलं तिचं.
सेन्सर, असं लिहिलं. खोडलं.
अँटेना. खोडलं.
पाचव्या चित्राखाली नुसतं : पेटी.

लाजरस आरोळे शेडमध्ये एकतीस वर्षं फिटर.
डोळ्यांचं ऑपरेशन नाताळनंतर,
तोवर पायऱ्या मोजत पुलावर येतात,
बेचाळीस झाल्या की कठडा धरतात.
मी चित्र पुढे केलं.
"कागद कशाला दाखवतेस आंधळ्याला?
गाडी आहे ना खाली? जिन्याच्या वळणापर्यंत उतर,
आणि वर ओरडून सांग.
नाव नको सांगू. नाव शेवटी.
आधी पाइप कुठून येतो ते बघ."

उतरले. सिग्नल लालच.
"पाइप नाही!"
"वायर?"
"नाही!"
"मागून? खालून? भोक असेल, ग्रंथी असेल केबलची."
माझ्या बाजूने जाणारा एक मुलगा
सायकल खांद्यावर घेऊन थांबला, तोही शोधू लागला.
"काहीच जात नाही आत!"
"बोल्ट किती?"
"बोल्ट नाहीत. वेल्डिंग आहे. जाडजूड, ओबडधोबड."
वरून बराच वेळ काही आलं नाही.
"ओबडधोबड म्हणजे?"
"म्हणजे... खालच्या कडेला थेंब सुकलेत."
"उलट्या हाताने मारलंय मग. पडून. हं.
झाकण?"
"आहे. बिजागरीचं."
"कसली बिजागरी?"

मी कठड्यावरून वाकले.
सायकलवाल्याने माझी पर्स धरली.
इंजिनावरच्या सगळ्या बिजागऱ्या काळ्या, जाड,
आणि ही नाजूक, पिवळट,
देवळीच्या दाराला असते तशी.
"पितळी! घरातली वाटते!"

सिग्नल बदलला.
हॉर्न इतका जवळून की वही हातून सुटली.
कपलर एकामागून एक ताणत गेले,
टाक्या हलल्या, सात-तीन पुढे सरकलं,
मुंढव्याच्या बाजूला,
झाकण हलकं थडथडत.

वर आले तेव्हा आरोळे
जाणाऱ्या आवाजाकडे कान करून उभे.
"एक सिलिंडर नीट मारत नाहीये त्याचा," म्हणाले.
"आणि पेटी?"
"यंत्राच्या वस्तूला काही ना काही येतं, काही ना काही जातं.
जिला काहीच येत-जात नाही
ती यंत्राची नाही. माणसाची.
कॉटन वेस्ट ठेवायला असेल. हात पुसायला.
साहेब लोक एकेक पेंडी मोजून द्यायचे."

बेचाळीस पायऱ्या उतरताना मी त्यांचा कोपरा धरला.
चौतिसाव्या पायरीवर, न विचारता :
"बोहरी आळी. साडेचार रुपये जोडी.
दुसरी अजून घरात आहे कुठेतरी."

घरी येऊन वहीवरची काजळी झटकली.
पाचव्या चित्राला दोन छोट्या रेघा काढल्या, पिवळ्या.
नावाची जागा
तशीच राहू दिली.